बर्फात अडीच अंश

तपासणीचं औषध घातलेल्या परीक्षानळीतल्या दुधाला पिवळा रंग आला होता. दूध नीट तापलं असेल, तर हा रंग येत नाही.

आमच्या सहकारी दूध संघात मी प्रयोगशाळेत होते. येरमाळ्याच्या आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली पगारदार मुलगी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, सलग दुसरा दुष्काळ होता. चाऱ्यावाचून जनावरं आटली होती. जे काही दूध येई, ते टँकरनं शहरात जाई. त्या सकाळी टँकर भरून फाटकाशी उभा होता.

ड्रायव्हरला थांबायला सांगून मी यंत्रावर धावले. दूध बहात्तर अंशांवर तापवायचं असतं. नव्या मीटरवर लाल आकडे होते : ७२.१.

"आकडा तर बरोबर हाय की, बाई," यंत्र चालवणारे मामा म्हणाले. ते धनगराचे; हात लावून दुधाचा अंदाज घेणारे.

"मामा, आपण बर्फात बघू."

मीटरची कांडी प्लॅटिनमची होती. प्लॅटिनम तापलं की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, आणि मीटरमधली चिप त्यावरून अंश काढते. वितळत्या बर्फात तिनं शून्य दाखवायला हवं. मामांनी दूध थांबवून कांडी काढली. शीतगृहाच्या टाकीतला बर्फ आम्ही कुटला, थोडं पाणी घातलं, कांडी खुपसली. आकडे उतरत गेले आणि २.६ वर थांबले.

मॅनेजरसाहेब दारात आले. "टँकर का थांबवला? पुन्हा यंत्र धुवायला पाणी कुठून आणू? बोअर कोरडा पडलाय."

"साहेब, मीटर अडीच अंश जास्त दाखवतंय. दूध साडेएकोणसत्तरावरच निघालंय."

"अहो, नवं मशीन आहे ते. चुकेल कसं?"

"चिप चुकत नाही साहेब. तिला जे पोचतं, ते चुकतंय. तुम्हीच बर्फात बघा."

ते वाकून बघत राहिले. मामा हळूच म्हणाले, "काल सकाळीच मीटर यंत्रावरनं समोरच्या भिंतीवर हलवलं. वायर पुरंना, म्हणून त्या फिटरनं तीनच्या जागी दोनच जोडल्या. म्या इचारलं, तर म्हणला, काय फरक पडत न्हाय."

तिसरी वायर लांब वायरीचा स्वतःचा रोध वजा करण्यासाठीच असते. ती नसल्यामुळे चिप वायरीतल्या तांब्याचा रोधही उष्णतेत मोजत होती.

साहेबांनी टँकरमधलं दूध परत टाकीत घ्यायला सांगितलं. मामांनी जुन्या पंपाची वायर उपसून तिसरी जोडली. बर्फात ०.१ आलं. पुन्हा तापवलेल्या दुधाच्या नळीत दोन तास रंग आला नाही. तोवर मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

पण कालचा टँकर गेला होता. काल मी रजेवर होते आणि तपासणी कुणीच केली नव्हती. साहेबांनी शहराला फोन लावला. दूध वाटून झालं होतं.

"लोक उकळूनच पितात, बाई," साहेब म्हणाले. मी नोंदवहीत कालच्या तारखेपुढं 'तपासणी नाही' असं लिहिलं.

आठवडाभर कुणी आजारी पडल्याची बातमी आली नाही. तरी रोज सकाळी टपाल आलं, की शहरातून तक्रारीचं पत्र आलंय का, ते मी आधी बघायची.