एक वाक्य पुढे

लाँड्रीवाल्या मावशीला कुणाचंही वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नव्हती. गिऱ्हाइकानं शर्ट काउंटरवर ठेवून "मावशी, हा डाग जरा..." एवढं म्हणायचा अवकाश, की ही "शाईचा आहे, पुरता जायचा नाही, फिका होईल, परवा या" असं सांगून मोकळी. बहुतेक वेळा तिचं बरोबरच निघायचं, आणि खरी अडचण तीच होती. तिचा नवरा मागच्या खोलीत इस्त्री करायचा. गल्लीत त्याची ख्याती अतिशय शांत माणूस म्हणून होती. तो मुळातच शांत होता की त्याला कधी संधीच मिळाली नव्हती, हे काही कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

अशा या मावशीकडे चर्चमधलं एक मानाचं काम होतं. दर उन्हाळ्यात परदेशातल्या एका मंडळीचा तरुणसंघ इथे सेवेला यायचा. आठ-दहा दिवसांचा मुक्काम, चर्चच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट. येताना एक गिटार, फुग्यांची पाकिटं आणि एक मूकनाट्य घेऊन यायचे. त्या नाटकात पापाचं काम करणारा काळा शर्ट घालून बाकीच्यांना दोरीनं ओढायचा. प्रत्येकाला पापच व्हायचं असायचं, आणि त्यावरून तालमीत रुसवेफुगवे चालायचे.

शिवाय काहीतरी हातानं काम करून दाखवल्याशिवाय या पोरांना चैन पडत नसे, म्हणून पाळकसाहेब त्यांना बाकं रंगवायला देत. गेल्या वर्षीच्या पोरांनी बाकं हिरवी केली होती, यंदाच्यांनी आकाशी केली. शनिवारी रंग लावायचा आणि रविवारी त्यावर मंडळीला बसवायचं, ही चूक दरवर्षी नव्या उत्साहानं व्हायची. सोमवारी निम्मी मंडळी आपापल्या पँटी घेऊन मावशीच्या काउंटरवर हजर. मावशीनं या सेवेबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

तिचं मानाचं काम म्हणजे दुभाष्याचं. लग्नाआधी ती एका परदेशी कुटुंबात मुलं सांभाळायला होती, आणि ती भाषा त्या मुलांकडूनच शिकली होती. त्यामुळे पाहुण्या पाळकांशीसुद्धा ती "आता हात धुवा आणि शहाण्यासारखे जेवायला बसा" अशाच थाटात बोलायची. तेही मुकाट्यानं हात धुवायला जायचे.

रविवारी संध्याकाळी पाहुणी पोरं एकेक करून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायची. मावशी बाजूला उभी राहून ते आपल्या भाषेत सांगायची. सुरुवातीची काही वर्षं तिनं जीव ओतून ऐकलं. मग तिच्या लक्षात आलं, की या साक्षीही शर्टासारख्याच असतात. कापड वेगळं, पण कॉलर कुठे आणि बाह्या कुठे ते ठरलेलं. मी भरकटलो होतो. मग अपघात झाला, नाहीतर आजारपण आलं. सगळ्यांनी प्रार्थना केली. आणि एके सकाळी सगळं ठीक झालं. एकदा हे कळल्यावर मावशी कशाला वाट पाहते! पोरानं श्वास घेतला की ही पुढच्या वाक्यावर जाऊन पोचलेली. एका वर्षी एक पोरगा मधेच पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात हिनं त्याची साक्ष संपवून मंडळीला गाण्यासाठी उभं केलं होतं. पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले, "मावशींचं भाषांतर कसं पाण्यासारखं वाहतं!"

यंदाच्या गटात एक उंच, अबोल मुलगी होती. केस मागे घट्ट बांधलेले, हसणं बेताचं. गटाचे टी-शर्ट धुवायला घेऊन ती लाँड्रीत आली, आणि वाळलेले टी-शर्ट न सांगता, शिवणीला शिवण लावून घडी घालत बसली. असं घडी घालणारं माणूस मावशीला एकदम पसंत पडायचं. "चांगल्या घरची आहे," तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. नवऱ्यानं "हो, पण..." म्हणेपर्यंत ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.

रविवारी सगळ्यात शेवटी ती मुलगी उभी राहिली. हात मागे घेतलेले, नजर शेवटच्या बाकावर.

"मला एक धाकटा भाऊ होता," ती म्हणाली.

मावशीनं सांगितलं, "हिचा एक धाकटा भाऊ आहे."

"तो आजारी पडला. डॉक्टरांनी आशा सोडली. मग आमचं सगळं चर्च आमच्या घरी जमलं. रात्रभर प्रार्थना केली. आणि सकाळी..."

मुलगी थांबली. मावशी थांबली नाही. "आणि सकाळी ताप उतरला! पोरगं उठून बसलं, आणि त्यानं खायला मागितलं!" खायला मागितल्याचं तिनं पदरचं घातलं होतं, आजारातून उठलेलं पोर खायला मागणारच, यात सांगायचं काय?

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाळकसाहेब "आमेन, आमेन" म्हणाले. पुढच्या बाकावर बसलेल्या सुतारीणबाई तोंडावर हात घेऊन रडायलाच लागल्या. आणि त्या गलक्यात मावशीच्या कानाशी मुलीचं वाक्य पुरं झालं.

"...सकाळी तो गेला."

मुलगी टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे बघत होती. ती हळू आवाजात पुढे म्हणाली, "तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की काय बोलावं ते मला सुचत नाही. पण मी येऊन बसते. एवढंच." सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "ती तुम्हां सगळ्यांचे आभार मानते आहे." गिटार सुरू झाली. गटाच्या दाढीवाल्या म्होरक्याला मावशीच्या भाषांतरातलं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यानं लांबूनच मावशीला अंगठा उंचावून शाबासकी दिली.

नंतर मावशी मोरीपाशी कप विसळत असताना मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "त्यांनी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण वेळ मारून नेणारं वाक्य मावशीच्या तोंडात तयारच होतं. "आमच्याकडे तो मान असतो," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाचा."

मुलीचे डोळे भरून आले. "आमच्याकडे मी हे सांगितलं की लोक आपल्या बुटांकडे बघायला लागतात," ती म्हणाली. "आईला सांगीन मी. तिला फार बरं वाटेल." आणि तिनं मावशीला मिठी मारली. मावशी साबणाचे हात दोन्हीकडे लांब धरून तशीच उभी राहिली. इतकी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही, आणि नवऱ्यानं विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणाली.

सकाळी दुकान उघडतंय न उघडतंय तोच सुतारीणबाई दारात. हातात ना पँट ना शर्ट, अंगावर ठेवणीतले कपडे. आकाशी झालेली ती बाकं मुळात यांच्याच नवऱ्यानं केलेली. पण सुतार थंडीपासून अंथरुणाला खिळला होता, आणि आता इस्पितळानं घरी नेऊन जपा असं सांगून पाठवला होता.

"मावशी, ती पोरगी..."

मावशीला पुढचं सगळं कळलं, आणि पहिल्यांदाच ते आपल्या तोंडून काढायची तिची हिंमत झाली नाही.

"तिला घेऊन या ना आमच्याकडे. भावासाठी त्यांनी काय प्रार्थना केली, कशी केली, तशीच यांच्यासाठी करू दे. मी काल घरी जाऊन यांना सांगितलं, अहो, ते पोर सकाळी उठून जेवायला मागत होतं म्हणे! किती महिन्यांनी मला झोप लागली, मावशी. उद्या पोरं परत जाणार. आज आणाल ना?"

इथेही सांगता आलं असतं. पण मावशीनं त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "आणते."

दुपारी मुलीला घेऊन ती निघाली. आजारी माणसाला भेटायचंय, एवढंच तिनं म्होरक्याला सांगितलं होतं. सुताराचं घर वरच्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर मावशी कठड्याला धरून थांबली.

"टाळ्यांचं मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. तिच्या त्या लहान मुलांच्या भाषेत याला दुसरा गुळगुळीत शब्दही नव्हता. "मी तुझं ऐकलं नाही. तू थांबलीस आणि मी म्हणाले, तो बरा झाला. म्हणून टाळ्या वाजल्या."

मुलीनं विचारलं, "म्हणजे त्यांना वाटतंय तो जिवंत आहे?"

"हो."

"आणि वर आहेत त्यांना?"

"त्यांनाही. म्हणून तर बोलावलंय तुला."

मुलगी पायरीवर बसली. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. माफी मागायला मावशीच्या जिभेवर शब्दांची रांग लागली होती, पण तिनं ते गिळले. ही पोर रडली किंवा तोंडावर चार शब्द बोलली असती, तर मावशीला सोपं गेलं असतं. मुलगी नुसती उठली आणि तिनं कपडे झटकले.

"तुम्ही सांगणार, की मी?"

"मीच सांगते," मावशी म्हणाली.

खोली लहान होती. खिडकीला लागून पलंग, स्टुलावर औषधं. पांघरुणाखाली सुतार पार वाळून गेला होता. हात तेवढे पूर्वीचेच राहिले होते, रुंद आणि जाड बोटांचे. सुतारीणबाईंनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभ्याच राहिल्या. "सांगा तिला," त्या घाईनं म्हणाल्या, "आम्ही काय करायचं? गुडघे टेकायचे का?"

"आधी माझं ऐका," मावशी म्हणाली, आणि तिनं सांगितलं. सारवासारव केली नाही. हिचा भाऊ वाचला नाही, तो त्या सकाळी गेला, बाकीचं सगळं माझ्या मनचं. शेवटपर्यंत सांगितलं.

सुतारीणबाईंचा चेहरा आधी कोराच राहिला, मग लाल झाला. "आणि काल सगळ्यांसमोर...? मी रात्री यांना काय काय सांगितलं! तुमच्या जिभेला काही हाड? उठा. दोघी उठा, चालत्या व्हा इथून."

मावशी उठली. तिला हे मिळायलाच हवं होतं.

"राहू दे," पलंगावरून आवाज आला. "मला त्या मुलीला एक विचारायचंय." सुतारानं मान वळवली. "तिला विचारा मावशी, तो घाबरला होता का?"

"असलं काय विचारता हो?" सुतारीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बरे होणार आहात."

"मी तिला विचारतोय."

मावशीनं विचारलं. मुलगी खाली बघत बसली. मावशीच्या तोंडाशी उत्तरं येऊन उभी राहिली. नाही घाबरला. देव त्याच्या जवळ होता. अगदी शांत गेला. कुठलंही चाललं असतं, सगळ्यांना बरं वाटलं असतं. मावशीनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि वाट पाहिली.

"हो," मुलगी म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली.

"दिवसा घाबरायचा. लोक यायचे, तू बरा होणार म्हणायचे. मग त्यालाही हो हो म्हणावं लागायचं. त्यानं तो फार दमायचा."

मावशीनं तेवढंच सांगितलं आणि थांबली. पुढे काय येणार, याचा तिला खरोखरच काही अंदाज नव्हता.

"एकदा सगळे गेल्यावर त्यानं मला विचारलं, मी गेलो तर माझी सायकल कोण घेणार? मी म्हटलं, मी घेणार. तो म्हणाला, तुला तर चालवता येत नाही, पडशील. मग आम्ही खूप हसलो. इतकं की आई बघायला आली." मुलीनं नाक पुसलं. "त्यानंतर मी एकटी असले की तो घाबरायचा नाही. आम्ही सगळं बोलायचो."

मावशीनं सायकलीचं सांगितलं, पडशीलचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं. सुतार डोळे मिटून ऐकत होता. पांघरूण हललं, तो हसत होता. मग त्यानं डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

"माझी हत्यारं," तो म्हणाला.

सुतारीणबाईंनी तोंड उघडलं. आता नको, बरे झाल्यावर बघू, असलंच काहीतरी त्यात असणार. पण ते बाहेर आलं नाही. त्या आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या, आणि नवऱ्याचा हात मांडीवर घेतला.

"कुठली?" त्यांनी विचारलं. "सांगा मला."

मावशीनं मुलीला कोपराला धरून उठवलं. दोघी बाहेर आल्या, आणि मावशीनं दार हलकेच ओढून घेतलं. आतून सुताराचा बारीक आवाज येत होता. मधेच बाईंचा रडण्याचा, मग पुन्हा त्याचा.

"काय म्हणाले ते?" मुलीनं विचारलं.

मावशी दाराशी कान देऊन उभी होती.

"अजून बोलतायत," ती म्हणाली.