जाळ्याच्या गोणीतला कागद

हे मी कुणाला बोललो नाही. पोरीला नाही, भावाला नाही. चर्चमध्ये फादरपुढे गुडघे टेकले, तिथंही भलतीच पापं सांगून उठलो. फिलू, माझी बायको, गेली त्याला पाच महिने झाले. लोक येतात, म्हणतात, भला माणूस तू, बायकोची एवढी मोठी चूक पोटात घातलीस. ऐकलं की थोबाड फोडावंसं वाटतं. त्यांचं नाही — माझं.

उत्तनला आमची लाकडी बोट होती, जुनी. पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढून घेतात. एकट्याचं काम नाही ते. सगळी आळी दोराला हात लावते. मजुरी नाही — आज तुझी, उद्या माझी. आणि मी? एका वर्षी थोरल्या भावाची, इनासची बोट ओढली तेव्हा घरात बसून राहिलो. बोंबील वाळवायच्या जागेवरून भांडण होतं म्हणून! ओढणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या, आणि मी चहा पीत होतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात विमावाल्यांचं पत्र आलं. फिलू मासळी विकायला बाजारात गेलेली. सही करून मीच घेतलं. इंग्लिश मला कुठलं येतं? केबिन रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं.

"चाचा, नाव बूढ़ी हो गयी आपकी," तो हसला. "बारिश में पानी में रखी और डूबी, तो कुछ नहीं मिलेगा. ऊपर खींच लो."

खींच लो! बोलावणार कुणाला? कुठल्या तोंडानं? फिलूला कळलं असतं तर ती हात जोडून इनासच्या दारात गेली असती. ते मला नको होतं. म्हणून कागद जुन्या जाळ्याच्या गोणीत कोंबला. तिला म्हटलं, यंदा बोट खाडीतच नांगरू, विमा आहे ना.

जुलैत बुडाली. विम्याचा माणूस आला. म्हणाला, पत्र धाडलेलं, पोचल्याची तुमची सही आहे, आता पैसे मिळणार नाहीत. इनास उभा, आळी उभी, सगळे माझ्याकडं बघतायत. आणि मी — कसला पुरुष! — मान फिरवली फिलूकडं.

"हिच्या हातात दिलेलं. कागद हीच ठेवते."

"माज्या हातात? कवा?" एवढंच बोलली ती.

मग शोधत राहिली. पेटी, तांदळाचा डबा, गादीखाली — वर्षानुवर्षं. गोणीला कधी हात लावला नाही. जाळ्यात कागद कोण ठेवेल? बाजारात बायका टोचायच्या, "फिलू, नवरा तरी जपून ठेवलायस, का तोबी हरवलास?" ती हसायची. मीसुद्धा हसायचो. मी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झालो तेव्हा तिनं माझा डबा भरला आणि तोंड फिरवून रडली. तेव्हा बोलता आलं नसतं? आलं असतं. तेव्हाच काय, रोज आलं असतं.

शेवटच्या दिवसांत तिचा आवाज पार खोल गेलेला. एका दुपारी मला जवळ बोलावलं.

"अवो, तो कागद माज्याच हातून गेला. तुमची बोट गेली. माफ करा."

गोणी तिथंच होती, खाटेमागं. तीन पावलांवर.

"जाऊ दे," मी म्हणालो. "केलं माफ."

तिनं माझा हात धरला. मी धरू दिला.