आमच्या बागेतील पट्टेरी वाघाचे अवशेष

गेल्या चैत्रात, एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, मालवणजवळच्या आमच्या काजूच्या बागेत पट्टेरी वाघ मृतावस्थेत आढळला. तो मी शोधला, मी मोजला आणि बातमीही मीच दिली.

पार्श्वभूमी अशी. माझे थोरले भाऊ, म्हणजे भाई, वय एक्क्याऐंशी, शिमग्यानंतर एका तिन्हीसांजेला काजू गोळा करून परतताना वाघ पाहून आले. टोपली बागेतच टाकून आले होते. उतारावरच्या मोठ्या धोंड्यावर वाघ बसला होता आणि तो त्यांच्याकडे बघत होता, एवढेच ते सांगत. हलला नाही, गुरगुरला नाही. आमच्या किनाऱ्याकडे बिबटे अधूनमधून येतात. पट्टेरी वाघ आल्याचे कोणाच्या आजोबांनीही सांगितलेले नाही. गाव ऐकून घेई आणि भाईंना चहा देई.

ही खबर डोंबिवलीला पोहोचली. तिथे भाईंचा मुलगा संदेश राहतो. वहिनी गेल्यापासून बाबांना कायमचे घेऊन जायचे त्याच्या मनात होतेच. त्याने मला फोन केला. "काका, आज वाघ दिसतोय. उद्या चुलीवर काहीतरी ठेवून विसरतील. मी रविवारी न्यायला येतोय." डोंबिवलीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. भाई आयुष्यात तळमजल्याच्या वर झोपलेले नाहीत (नारळाच्या झाडावर एकदा डुलकी लागली होती, ती धरली नाही).

"बाळ्या," भाई मला म्हणाले, "वाघ गावलो नाय तर माका न्हेतले."

मी चौतीस वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली आहेत. ऐकीव माहितीवर माझा विश्वास नाही. तेव्हा मंगळवारी वही, पेन आणि शिंप्याची टेप घेऊन मी स्वतः बागेत उतरलो.

धोंड्यापासून वीस पावलांवर करवंदाच्या जाळीत तो पडला होता. वास आधी आला. पुढची पाहणी मी नाकाला रुमाल लावून दहा फुटांवरून केली आणि टेपसाठी तेवढा एकदा श्वास रोखून पुढे गेलो. वहीतल्या नोंदी अशा: लांबी साडेपाच फूट. फासळ्या उघड्या. सुळे मोठे, वाकडे. कातडे चिखलाने माखलेले. रंग पिवळा, त्यावर काळे पट्टे. पट्टे या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

बातमीला दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा हवा, हा आमच्या डेस्कचा नियम. भाई हितसंबंधी असल्यामुळे बाद. दुसरे सूत्र कोणते घ्यायचे, यावर मी बराच विचार केला आणि ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. गुरवाने कौलासाठी देवीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बागेत वाघ होतो काय नाय, ता सांग गे आवशी." उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. मी वहीत वेळ टाकली: अकरा वाजून दहा मिनिटे.

जिल्ह्याच्या एका दैनिकात माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आहे. त्याने माझ्या नावावर विश्वास ठेवून बातमी घेतली. बुधवारी ती पहिल्या पानावर तीन कॉलम आली. "ज्येष्ठ पत्रकाराने केली ओळख" असे उपशीर्षक होते (ते मी सुचवले नव्हते; काढायलाही सांगितले नाही).

दुपारपर्यंत बागेत दीडशे माणसे येऊन गेली. भाई धुतलेला शर्ट घालून धोंड्याजवळ उभे होते आणि प्रत्येकाला वाघाची नजर करून दाखवत होते. ज्यांनी त्यांना नुसताच चहा दिला होता, त्यांना ती दोनदा दाखवली. संध्याकाळी संदेशचा फोन आला. त्याने वडिलांची माफी मागितली आणि रविवारचे जाण्याचे रद्द केले. भाईंनी त्या रात्री पेजेबरोबर दोन सुके बांगडे खाल्ले.

गुरुवारी वनरक्षक आल्या. तिशीच्या आतली मुलगी, पायात गमबूट, नाकाला रुमालसुद्धा नाही. त्या थेट जाळीत शिरल्या, काठीने जबडा उचलला आणि म्हणाल्या, "हे रानडुक्कर आहे. म्हातारा नर. असे वर वळलेले सुळे वाघाला नसतात."

भाई खाली धोंड्यावर बसले. माझी पत्नी सुनंदा माझ्याकडे बघू लागली. संदेश मोबाइलच्या पडद्यावर होता, त्यानेही ऐकले.

"पट्ट्यांचं काय?" मी विचारले. रानडुकराला पट्टे असल्यास तो स्वतंत्र बातमीचा विषय होता.

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या आणि दोन बादल्या पाणी मागितले. पाणी पडले तसा चिखल उतरला. पट्टे जात नव्हते. उलट उजळत होते. माझा आत्मविश्वास परत येत होता. मग त्यांनी काठीने कातड्याची कड उलटली आणि वाकून पाहिले.

"काका, याला शिवण आहे."

कातड्याला चारही बाजूंनी शिवण होती. एका कोपऱ्यात कोमट पाण्यात धुण्याची सूचना होती. त्यांनी ते डुकराखालून ओढून पूर्ण पसरले. मध्यभागी वाघ होता, मोठा, समोर बघणारा. त्याच्यामागे धबधबा होता आणि धबधब्याकाठी दोन हरणे.

"ओ," सुनंदा म्हणाली, "ह्या आपला ब्लँकेट मा?"

होते. गेल्याच्या गेल्या वर्षी माकडे काजूची बोंडे खाऊन जात, म्हणून ते घरातून नेऊन त्या धोंड्यावर सुतळीने बांधले होते. तेव्हापासून भाई त्या उताराकडे फिरकले ते थेट यंदाच. कोणी, हा प्रश्न सुनंदाने विचारला नाही. "तुमीच न्हेलास," एवढेच म्हणाली. मग मला सुतळीची गाठसुद्धा आठवली. ती सुतळी अलीकडे तुटली असावी, आणि वनरक्षकांच्या अंदाजाप्रमाणे आजारी डुकराने पडलेले ब्लँकेट जाळीत ओढून त्याचे अंथरूण केले असावे. ज्याने जनावरांना पळवायचे, त्याच्यावरच एक जनावर निवांत मरून पडले होते.

भाई धोंड्यावरून उठले. ब्लँकेटभोवती एक फेरी मारली आणि वाघाच्या तोंडाशी थांबले.

"होच तो," ते म्हणाले. "अशीच नजर. मी काय खोटा सांगी होतंय?"

वनरक्षकांनी मान हलवून दुजोरा दिला. हे तिसरे सूत्र. गुरवाने नंतर निरोप पाठवला की देवीला जे विचारले त्याचेच उत्तर तिने दिले.

मोबाइलच्या पडद्यावर संदेश वाकून ब्लँकेट बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांना भास होत नव्हते. समोर जे होतं तेच दिसलं."

"तीस पावलांवरसून," भाई म्हणाले. "काळोख पडी होतो तेवा."

"राहा बाबा तुम्ही तिथेच," संदेश म्हणाला. आणि थोड्या वेळाने, फार आदराने, "काका, तुम्ही दिवसाढवळ्या, टेप लावून मोजलंत ना? तुमचे डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

मी वही मिटून खिशात ठेवली.

शुक्रवारच्या अंकात आठव्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. त्यात माझे नाव बरोबर छापले होते. सोमवारी कणकवलीच्या डॉक्टरांनी मला तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलेला. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात झाली. त्या दिवशी मला हाताला धरून एसटीत चढवले ते भाईंनी. बसच्या पाटीवरचे नावही त्यांनीच वाचले. त्यांना चष्मा नाही.