खिडकीजवळची जागा

नरसम्मा अक्का गेल्याचा फोन तिच्या मुलीने सकाळी केला. झोपेतच गेली म्हणाली, त्रास झाला नाही. रडू आलं ते नंतर. आधी डोळ्यांसमोर आला तो सात रस्ता चौकामागचा आमचा हॉल आणि तिथे शाळांचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या बायका. दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला भेटायला गेले होते. पाय सुजलेले, जीभ मात्र शाबूत. "बाई," ती म्हणाली, "मी न्हाय म्हटल्यावर ह्या परत आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतेत की काय, बघा." काहीतरीच काय, म्हणून मी तिला गप्प केलं खरं… पण ती भीती मलाही होतीच.

मी शाळेत शिकवायचे तेव्हापासून तिला ओळखत होते. नवऱ्याचा माग बंद पडल्यावर तिने शिलाई मशीन घेतलं, आणि मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून हा हॉल भाड्याने घेतला. ती शिवण बघायची, मी शाळांशी बोलायचे. कामाला अक्काच्या नात्यातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका आल्या, वळसंग गावची कानडी बोलणारी गंगव्वा चारपाच जणींना घेऊन आली, शेजारच्या गल्लीतून शबाना आणि तिच्या बहिणी आल्या. मला वाटलं, झाली की समानता, आता फक्त फळ्यावर सुविचार लिहायचा बाकी! पण थोड्याच दिवसांत हॉलच्या तीन गल्ल्या झाल्या. खिडकीच्या उजेडात तेलुगू, दाराशी कानडी, आणि मागच्या भिंतीला, जिथे भर दुपारी दिवा लागे, तिथे शबानाची मंडळी. कुणी सांगितलं नव्हतं, बसल्या तशा बसल्या. शबानाची शिलाई वाकडी येते, तिचं लक्ष नसतं, असं मग सगळ्यांचं मत झालं. माझंही.

एक दिवस अक्का उठून शबानाच्या जागेवर बसली. गडद निळं कापड, गडद निळा दोरा. शिवून झाल्यावर तिने पँट सगळ्यांपुढे धरली. शिलाई वाकडीच होती. "हे माझं हाय," ती म्हणाली, "आता मलाबी बोला की." त्या दिवसापासून दर पहिल्या तारखेला चिठ्ठ्या टाकून जागा बदलायच्या ठरल्या. मागच्या भिंतीला पहिली गेली ती अक्काच. तिची जाऊही तिथेच आली आणि घरच्या माणसाला अंधारात बसवलं म्हणून तिने कितीतरी दिवस अबोला धरला. अक्काला वाईट वाटलं, पण चिठ्ठी काही बदलली नाही.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. आम्ही बायका हलवल्या, मशिनं जागच्या जागी ठेवली. एकीच्या हाताला बसलेलं मशीन दुसरीला थोडंच दाद देतंय! स्कर्टच्या चुण्या कुठे आवळल्या, कुठे सुटल्या, सगळा माल उसवावा लागला. मग बाईबरोबर मशीनही हलू लागलं. ते टेबलासकट एकटीला उचलवत नाही, म्हणून अक्काने अट घातली की जिच्या शेजारी जायचं तिनेच दुसरी बाजू धरायची. गंगव्वाला शबानाचा शेजार आला तेव्हा ती ओढत आणलेलं मशीन वाटेतच सोडून तरातरा जिन्यात निघून गेली. ती डबासुद्धा तिथेच खायची, इतरांच्या डब्यांचा वास नको म्हणून. अक्काने त्या मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. येता-जाता माझा गुडघा त्यावर आपटायचा आणि मी चिडायचे. "ऱ्हाऊ द्या बाई," अक्का म्हणायची, "वळसा घालून घालून कटाळंल." शेवटी एका सकाळी गंगव्वाने पदर खोचला आणि शबानाकडे न बघता म्हणाली, "धर की ती बाजू." त्या दोघींमधलं हे पहिलं बोलणं.

अक्कानंतरची पहिली तारीख आली. मी चिठ्ठ्या करून घेऊन गेले. बघते तर सगळ्या मान खाली घालून शिवत होत्या, हलायचं कुणाच्या मनातही नव्हतं. अक्काचीच भीती खरी ठरली म्हणायची. मी उठा म्हणाले, गंगव्वाच्या टेबलाची कड धरली, तर तिने हातानेच मला थांबवलं.

"मी हितनं हलत न्हाय, बाई. हिला लांब नेऊन बसवलं तर माझी सुई कोण ओवणार? मला दिसतंय व्हय आता?"

शबाना बहिणीशी बोलत होती. बोलणं न थांबवता ती वाकली, गंगव्वाच्या मशीनच्या सुईत दोरा ओवला आणि परत बोलू लागली. तेव्हा कुठे मी हॉलकडे नीट पाहिलं. खिडकीशी गंगव्वा, शबानाची थोरली बहीण, अक्काची जाऊ… डोळे अधू झालेल्या सगळ्या तिथे. गंगव्वाला हाताशी हवी म्हणून शबाना तेवढी तिच्या शेजारी. मागच्या भिंतीला तरुण पोरी, त्यांच्यात जाऊची सूनही. अक्का दवाखान्यात होती आणि माझंही हॉलवर येणं सुटलं होतं, तेव्हाच यांनी आपसांत ठरवून मशिनं हलवली होती. मला इतकं हायसं वाटलं की मी चिठ्ठ्या तशाच पर्समध्ये कोंबल्या. अक्काला हे सांगायचं राहिलं, एवढीच हळहळ.

खिडकीत तिचं मशीन मात्र झाकून ठेवलेलं होतं. ही जागा कुणाची, मी विचारलं.

"तुमची," गंगव्वा म्हणाली. "बसा, बटनं लावा. तुमाला तरी कुटं नीट दिसतंय?"

मी अक्काच्या स्टुलावर बसले. शर्ट मांडीवर घेतला. बराच वेळ खटपट केली, पण दोरा काही ओवला जाईना. मग मी सुई शबानापुढे धरली.