हद्दीच्या दगडाखालच्या अक्षता

दुष्काळातल्या एका खदानीची ही गोष्ट. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण हा बारका गुन्हा काही केल्या डोक्यातून जात नाही बघा.

वडवणीच्या बाजूला काळ्या दगडाची एक टेकडी होती. तिच्या मोठ्या अंगावर एका बड्या कंपनीचं क्रशर, रस्त्यांसाठी खडी काढायचं. राहिलेला कोपरा दगडफोड्या मजुरांच्या सहकारी संस्थेकडं. दोघांच्या मधे सरकारनं रोवलेला हद्दीचा दगड. गुडघ्याएवढाच, पण संस्थेच्या लोकांनी त्याला शेंदूर फासून म्हसोबा केलेला. त्या साली पाऊस झालाच नाही. विहिरी आटल्या, बोअर आटले. पाणी उरलं ते फक्त संस्थेच्या खदानीतल्या खड्ड्यात. अख्खी वस्ती तेच प्यायची.

आणि एके दिवशी कंपनीनं त्या खड्ड्याभोवती तार ओढून पाणी उपसायची मोटार टाकली. म्हणे, खड्डा आमच्या हद्दीत येतो. बायका कळशा घेऊन तारेखालून शिरल्या, झटापटीत पहारेकऱ्याचं डोकं फुटलं. मॅनेजरनं फिर्याद दिली, घुसखोरी आणि मारहाण. आरोपी सगळ्या बायका, म्हणून तपास माझ्याकडं आला. मी शिपाई म्हणून भरती झालेली, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले होते.

ठाण्यात आमचे हवालदार पहारेकऱ्याचा जबाब घेत होते.

"कशानं फुटलं बे डोकं?"

"कळशीनं, सायब."

"भरलेली व्हती का रिकामी?"

"रिकामी."

"मग वाचलास की लेका!"

बाकावरच्या बायकासुद्धा पदराआड हसल्या. हसली नाही ती त्यांची म्होरकी. तरणी पोर, बाळंतपणाचे दिवस भरत आलेले. मला म्हणाली, "बाई, दगड लिंबाच्या पल्याड व्हता. कंपनीनं सरकवला. आमचाच खड्डा न् आमीच चोर व्हय?"

मॅनेजर म्हणायचा, दगड पहिल्यापासून आहे तिथंच आहे. सरकारी मोजणीची तारीख लांबची. तोवर या बायकांना आत टाकायचं का? मी पंच घेतले आणि जागेवर गेले. लिंबापलीकडं एका ठिकाणी माती वरवर चोपून बसवली होती, पाय दिला की भुसभुशीत लागे. म्हणजे पोर खरं बोलत होती, दगड हललेला होता. मग दगडापाशी आले. सवयीनं हात जोडून वाकले, तर बुडाच्या मातीत, दगडाखाली अर्ध्या दबलेल्या हळदीच्या अक्षता आणि एक सुपारी दिसली. शेंदराचं तोंड अगदी नीट उगवतीकडं.

आता मला सांगा, कंपनीचा मशीनवाला दगड सरकवताना त्याच्याखाली अक्षता कशाला टाकील? दगड हलवणाऱ्यानं आधी देवाची माफी मागितली होती. माणूस वस्तीतलाच होता.

"या देवाची पूजा कोण करतं?" मी वस्तीत विचारलं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं, आबा. संस्था उभी करणारा तिचा चेअरमन, आणि त्या म्होरकीचा सासरा.

आबाला ठाण्यात बोलावलं. म्हाताऱ्या माणसाला दरडावलं की तो हट्टाला पेटतो, हा माझा अनुभव. मी नुसता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यानं पाण्याकडं बघितलं, पण शिवलं नाही.

"आबा, सुनेचं बाळंतपण कोठडीत व्हावं असं वाटतं का? देवाखाली अक्षता कुणी टाकल्या, तेवढं सांगा."

तो म्हणाला, "तसाच कसा बसवावा देव, बाई?"

"पण कशापायी केलं हे?"

"खड्डा आटनारच व्हता. कंपनीचा मुकादम म्हनला, आबा, तेवढी हद्द सोडा, पाऊस पडस्तोर वस्तीच्या दारात टँकर देतो. समदे बाजाराला गेलते, तवा पहारीनं लोटत नेला."

"मग, आला टँकर?"

"आला की. दोनदा."

त्याच्या जबाबानं खड्डा संस्थेचाच ठरला, घुसखोरीचं कलम गळलं, आणि अटकेची गरज नाही असं मी वरिष्ठांना पटवलं. हद्दीची निशाणी हलवल्याचा गुन्हा आबावर लागला. मुकादम म्हणाला, मी असं बोललोच नाही. दोघांच्या बोलण्याला तिसरा साक्षीदार नव्हता. तो सुटला.

मोजणी होऊन दगड परत जागेवर बसवायचा, तर वस्तीतलं कुणी देवाला हात लावीना. शेवटी जामिनावरच्या आबालाच बोलावलं. त्यानं अक्षता टाकल्या, दगड उभा केला, आणि देवाला आंघोळ घालायला पाणी मागितलं. तोवर कंपनीच्या मोटारीनं खड्डा तळापर्यंत उपसला होता. सून पुढं आली, रिकामी कळशी त्याच्यासमोर पालथी घातली आणि निघून गेली. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत वस्तीतली निम्मी घरं पाण्यावाचून बंद झाली होती.

मी लबाड माणूस शोधायला गेले होते आणि सापडला तो वस्तीच्या पाण्यापायी फसलेला म्हातारा. ज्यानं फसवलं, त्याच्यावर लावायला माझ्याकडं काही नव्हतं. तेव्हापासून हाताखाली आलेल्या पोरांना मी सांगायची, बाबांनो, हद्दीचं भांडण आलं तर नकाशा मागवाच, पण त्याच्या आधी तिथली माणसं पाणी कुठलं पितात ते विचारा. आणि त्या पाण्यावर पहिल्याच दिवशी पहारा बसवा. मोजणी होईस्तोवर पाणी थांबत नाही.