पापणीची कड

आमच्या कारखान्यातल्या सिस्टर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, पापण्यांच्या कडेकडे बघत. त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहिलं की जिवाला स्वस्थता नसे. डोकेदुखीची गोळी मागायला गेलेला माणूसही नकळत डोळे चोळायला लागे. मग त्या म्हणत, "चोळू नका. हात आधी कुठे लावला होता ते आठवा."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका औषध कारखान्यात मी इंजेक्शनच्या कुप्या तपासायच्या कामाला लागले होते. ट्यूबलाइटसमोर कुपी उलटी धरायची आणि आत काचेचा कण किंवा धागा तरंगतोय का ते बघायचं. मी टेम्पररी होते, वाशीला भावाकडे राहत होते आणि काहीही झालं तरी मला गावाला परत जायचं नव्हतं. पण सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असायच्या, दुपारी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. एकदा माझ्या हातून दोन खराब कुप्या पुढे गेल्या. सुपरवायझर म्हणाले, "आठवडाभर बघतो. नाही जमलं तर दुसरी मुलगी घेऊ."

त्याच दिवशी मी गेटजवळच्या फर्स्ट-एडच्या खोलीत गेले. सिस्टरांची वीस वर्षं मुंबईत डोळ्यांच्या वॉर्डात गेली होती. त्यांनी माझी हनुवटी वर केली, पापणी जरा ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "तुझ्या डोळ्याला काही झालेलं नाही. कड घाण आहे. तिथे बारीक बारीक तोंडं असतात, त्यातून तेल येतं. ती बुजलीत."

उकळून कोमट झालेल्या पाण्यात स्वच्छ फडकं पिळून त्यांनी माझ्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवलं. पाच मिनिटांनी ओल्या कापसाने पापणीच्या केसांच्या मुळाशी हलकेच पुसलं. या डोळ्याचा कापूस त्या डोळ्याला नाही. काजळ बंद. मी डोळे मिटून बसले होते, तोवर त्या खोलीभर फिरत होत्या. बाटल्या सरकवल्याचा आवाज, खिडकी उघडल्याचा, मग परत लावल्याचा. "झाली का गं पाच मिनिटं?" त्या मलाच विचारत होत्या, आणि घड्याळ त्यांच्या हातात होतं.

आठ-दहा दिवसांत डोळे हलके झाले, तशी मी शेकणं सोडून दिलं. महिन्याभरात रांजणवाडी घेऊन परत त्यांच्या दारात. "काल भांडी घासलीस म्हणून आज घासत नाहीस का?" सिस्टर म्हणाल्या. "हे एकदा बरं करून सोडून द्यायचं दुखणं नाही. रोजचं आवरायचं काम आहे." तेव्हापासून मी एक दिवस चुकवला नाही. पुढे कामावर कायमही झाले.

आणि मग मला शहाणपण सुचायला लागलं. दिसेल त्याला मी पापण्या शेकायला सांगू लागले. बाटल्या धुणाऱ्या विभागात जानाबाई होत्या, पावणे गावातल्याच. एका सोमवारी त्यांचा डावा डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी गळत होतं. सिस्टर घाईत होत्या. जाता जाता बघून म्हणाल्या, "कड साफ करा, जानाबाई." झालं, त्यांचा डोळा शेकायचा-पुसायचा कार्यक्रम मी हाती घेतला. मंगळवारी जानाबाई म्हणाल्या, "दुखतंय गं लय. उजेड सोसत नाय." मी म्हटलं, "आठवडा लागतो, धीर धरा."

बुधवारी त्या डोळ्यावर पदर धरूनच आल्या. मी घाबरून त्यांना सिस्टरांकडे नेलं. सिस्टरांनी बॅटरीच्या उजेडात डोळा बघितला.

"डोळ्यात काय गेलं होतं?"

"भाताचा तूस. झोडनी चालू हाय ना."

बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. मॅनेजर मीटिंगमध्ये होते. सिस्टर परवानगीसाठी थांबल्या नाहीत. कंपनीची जीप गेटवर उभी होती, तीत जानाबाईंना बसवून खाडीपूल ओलांडून मुंबईला घेऊन गेल्या. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोरून कुप्या गेल्या, पण मला एकही दिसली नाही.

संध्याकाळी सिस्टर परतल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. "दुखतंय म्हणून त्या मला कालच सांगत होत्या," मी म्हटलं. सिस्टर हात धूत होत्या. बराच वेळ धूतच राहिल्या. "तुला काय कळणार," त्या म्हणाल्या. "मला कळायला हवं होतं. मी कड बघितली आणि पुढे गेले. माणसाला काय होतंय ते विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या आधी तीन गोष्टी विचारत. दुखतंय का, उजेड सहन होतो का, कमी दिसायला लागलंय का. एकाचंही उत्तर 'हो' आलं की सरळ डॉक्टरकडे, शेकणं-पुसणं मग. हे त्या जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर जाऊन विचारायच्या. लोक वैतागत, मॅनेजर वैतागले, त्यांना फरक पडत नव्हता.

जानाबाईंचा डोळा वाचला, पण बुबुळावर फूल राहिलं, पांढऱ्या डागाचं. वर्षभरात सिस्टरांनी नोकरी सोडली. गावोगाव डोळ्यांची शिबिरं घेणाऱ्या एका गाडीबरोबर जायचं त्यांनी ठरवलं होतं. "इथे बसून माणसं येण्याची वाट बघणं आता मला जमत नाही," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी जानाबाई त्यांच्यासाठी कागदात बांधून सुकट घेऊन आल्या. सिस्टरांनी पुडी बाजूला ठेवली, त्यांना दारातल्या उजेडात उभं केलं आणि उजवा डोळा झाकायला सांगितला.

"किती बोटं?"

"तीन," जानाबाई म्हणाल्या. मग मान जरा पुढे करून बघत राहिल्या. "बोटां दिसतान. पन तुमी हसताव का रडताव, ते नाय समजत."

"हसतेय," सिस्टर म्हणाल्या.

मी शेजारीच उभी होते. मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. मी कापसाचे दोन बोळे उचलून सिस्टरांच्या हातात दिले, दोन डोळ्यांना दोन.