भिंत वळवणारे काका

काका माणसांना अरे-तुरे करत आणि झाडांना अहो-जाहो. माणूस कुडाळकडचा, पेशानं माळी, त्यांच्या मालवणीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च. अर्बाबांशी, म्हणजे ओमानमधल्या बरका गावातल्या बागेच्या मालकांशीही, ते आपल्या खास हिंदीत तसंच बोलत, "अर्बाब, तू इधर पाय मत दे, बियाणा डाला है." अरबीतही कुणालाही 'तू'च म्हणायची रीत, त्यामुळे अर्बाबांना त्यात काही वावगं वाटत नसे. फांदी छाटायची वेळ आली, की मात्र काका कोयती खाली ठेवून हात जोडत आणि झाडाला म्हणत, "जरा त्रास देतंय हां तुमका."

'काका' हे त्यांचं नावच आहे अशी अर्बाबांची पक्की समजूत होती. पाहुण्यांशी ओळख करून देताना ते ऐटीत म्हणत, "मिस्टर काका." आणि काकाही मान किंचित तिरकी करून, एखाद्या वकिलाच्या रुबाबात नमस्कार करत.

मी तेव्हा ओमानमध्येच, कुरुममधल्या एका ऑफिसात बागांची ड्रॉइंग काढायचे. डोंबिवलीची मुलगी, झाडांशी संबंध काय तो खिडकीतल्या तुळशीपुरता. अर्बाबांच्या बेगमना एका चिनी बागेचे फोटो इतके आवडले, की बरक्याच्या बागेत तसंच तळं, तशीच पांढरी भिंत आणि भिंतीत चंद्रासारखं गोल दार हवं असं त्यांनी ठरवलं. काम आमच्याकडे आलं. मी कॉम्प्युटरवर झकास सरळ भिंत आखली. मधे एक झाड येत होतं. त्याच्यावर लाल फुली मारली आणि चहा प्यायला उठले. सगळा मिळून मिनिटाभराचा कारभार.

ते झाड काकांचा आंबा निघाला. एकवीस वर्षांपूर्वी गावाहून आणलेल्या रायवळ आंब्याची कोय त्यांनी तिथे पुरली होती. पुढे बरक्याच्या विहिरींचं पाणी खारट होत गेलं, आजूबाजूची लिंबं एकेक करून वाळली. हा आंबा जगला, कारण काका रोज टँकरच्या गोड्या पाण्याचे दोन डबे स्वतः उचलून त्याच्या आळ्यात ओतत. उन्हाळा असो, ताप असो, ईदची सुट्टी असो.

मी प्लॅन घेऊन जागेवर गेले, तेव्हा त्यांनी तो जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "ही फुली कोणी मारली गो?"

"ऑफिसातनं तशीच आलीय," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

काकांनी आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी अर्बाब आल्यावर ते एवढंच म्हणाले, "नकल करने का है तो असल तो देख पहले. और मेरे को भी दिखा. बाग तू नहीं, मैं संभालेगा." अर्बाब पोट धरून हसले. पण माणूस दिलदार. दोन महिन्यांनी अर्बाब, बेगम, प्लॅनवाली म्हणून मी आणि नवा कोरा कोट घातलेले काका असे चौघं चीनमधल्या सूचौच्या एका जुन्या बागेच्या दारात उभे होतो.

ती बाग कित्येक शतकांची. आमची वाटाडी मुलगी इंग्रजीत सांगायची, मी त्याचं हिंदी करायचे. पहिल्याच चौकात भोकाभोकांचा एक उंच दगड होता आणि लोक त्याच्याभोवती फोटो काढायला झुंबड करत होते. असा दगड मिळवण्यासाठी जुने श्रीमंत लोक काय काय करत, हे मुलगी भक्तिभावानं सांगत होती. काका पुढे झाले, दगडावर टिचकी मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगो, ह्यो जांभो! आमच्या सड्यार असले पायलीचे पन्नास पडलेत!" तो जांभा नव्हता, पण काकांना कोण सांगणार! बेगमना त्याचं भाषांतर करून सांगताना माझी पुरेवाट झाली.

पुढे गेलो. पाण्याच्या कडेनं एक छपराची वाट होती, तिच्या बाजूला पांढरी भिंत. ती भिंत सरळ चालत येते आणि एका म्हाताऱ्या झाडापाशी पोटात घेतल्यासारखी आत वळते, झाडाला वळसा घालते, आणि मग पुन्हा सरळ होते. काका तिथेच थांबले. "तिका विचार, ही अशी कित्या?"

मी विचारलं. मुलीला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "झाड आधीचं होतं," ती म्हणाली. "भिंत नंतर बांधली."

काकांनी बूट काढले, मोजे काढले. खिशातून सुपारी काढून झाडाच्या मुळाशी ठेवली, आणि मला म्हणाले, "गाऱ्हाणा घालतंय. मी थांबलंय, की 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. कोणीतरी व्हय म्हणाल्याशिवाय गाऱ्हाणा देवाक पोचना नाय." आणि त्या परक्या देशातल्या देवाला त्यांनी मालवणीत साकडं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तू ह्या मुलखाचो राखणदार. आमी चार माणसां लांबसून तुझ्या दारात इलंव."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"हय भिंतीन झाडाक वाट दिली, तशी बरक्यातल्या माझ्या आंब्याक पण गावांदे. अर्बाबाक तशी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जेणा कोणी तेच्यार फुली मारल्यान असात, तेका पण सांभाळून घे रे म्हाराजा!"

काका डोळे मिटून वाट बघत राहिले. शेवटी मी कसंबसं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आणि तेवढ्यात मागून अर्बाबांचा गंभीर, भारदस्त आवाज आला, "आमीन."

बिचाऱ्यांना वाटलं होतं, चौघांच्या सुखरूप प्रवासासाठी दुवा चालू आहे. भल्या माणसाच्या दुवेला आमीन म्हणायचं नाही तर काय! काकांनी सावकाश डोळे उघडले. "अर्बाब, तू क्या मांगा, मालूम है?" आणि सगळं सांगितलं. अर्बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भिंतीचं सामान ठरलं होतं, तळ्याची जागा नक्की झाली होती. ते काहीतरी बोलू लागले, तर बेगमनीच हात वर केला. "आमीन म्हणालात ना? मग खलास!"

काका अनवाणीच दोन्ही हात वर करून उभे राहिले. मीही टाळ्या पिटल्या. आसपासच्या चिनी पर्यटकांनी कारण न विचारता आमच्यासोबत टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी पुष्कळ सुंदर जागा पाहिल्या, पण कुठे इतकी मोकळी हसले नाही.

बरक्याला आल्यावर आमच्या ऑफिसच्या साहेबांनी वळणाला नाक मुरडलं, खर्चाचं सांगितलं. काकांनी लक्षच दिलं नाही. त्यांनी सुंभाची दोरी घेतली, जमिनीवर भिंतीचा वळसा स्वतः आखला आणि गवंड्याला सांगितलं, "दो हात और पीछे. झाड अभी जवान है." बाग पुरी झाली त्या दिवशी येणारा प्रत्येक पाहुणा तळं सोडून, गोल दार सोडून त्या वळणापाशीच थांबत होता. हे कुणाला सुचलं असं कुणी विचारलं, तेव्हा आमचे साहेब घसा साफ करू लागले. अर्बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाले, "मिस्टर काका." त्या वर्षी आंब्याला पानं दिसेनात इतका मोहोर आला होता.

दोन वर्षांनी काका कायमचे गावी निघाले. अर्बाब स्वतः गाडी चालवत त्यांना विमानतळावर घेऊन आले. ते गाडी लावायला गेले, तेवढ्यात मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "काका, ती फुली मी मारली होती."

काका खोक्याची दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "ठावक हा गो. कागदाच्या कोपऱ्यात तुझा नाव होता. तेवढा इंग्रजी माका वाचूक येता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "झाडाची माफी मी कसो देतलंय? ती तुकाच मागूक होयी होती. म्हणान तर तुका 'व्हय म्हाराजा' म्हणूक लावलंय."